अल्वाच्या झाडावरचे निर्माल्य

राजकन्या अल्वा ऐन लग्नाच्या दिवशी बापाचे घर सोडून मठात गेली, इथवर ॲथलोन गावाच्या त्या बाजूला कुणाचे दुमत नव्हते. ती आपणहून गेली की तिला धाडले, हे मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळे होते. सुश्रुतने ही कथा ऐकली ती शेजारच्या नोराबाईंकडून, आणि नोराबाई या बाबतीत अगदी ठाम होत्या.

“आपणहून गेली,” त्या म्हणाल्या होत्या. “तिला कोण धाडणार? राजाची लेक होती ती!”

मार्चचे पहिले दिवस होते. सुश्रुतची आई अलकनंदा वाईहून येऊन तीन आठवडे झाले होते, आणि नोराबाईंनी पाहुणीला गावाबाहेरचा अल्वाचा झरा दाखवायला म्हणून दोघांना सोबत घेतले होते. शहात्तर वर्षांच्या त्या बाई वाऱ्यात पुढे पुढे चालत होत्या आणि मागे वळून वळून कथा सांगत होत्या. मधल्या जागी सुश्रुत. इकडचे इंग्रजी तिकडे मराठीत ओतत निघालेला.

शॅनन नदीच्या पश्चिम तीरावरच्या एका लहानशा राजाची अल्वा ही थोरली लेक. पलीकडच्या तीरावरच्या घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. ते मिटावे म्हणून बापाने तिची सोयरीक तिथेच जुळवली. ठरल्या दिवशी वऱ्हाड होड्यांनी आले. त्यातला एक नावाडी तापाने फणफणला होता. साथीचे दिवस होते ते. वऱ्हाडाने त्याला काठावरच्या चिखलात निजवले आणि मंडळी वाजतगाजत वर निघाली. नवरी मात्र उतरून खाली आली. तिने अंगावरचा भरजरी शेला टरकावला, पट्टी झऱ्यात भिजवली आणि त्याच्या कपाळावर ठेवली. मग आणखी कुणी आजारी निघाला, मग आणखी कुणी. ओल्या पट्ट्या ती शेजारच्या काटेझाडावर वाळत घालत राहिली. संध्याकाळ झाली तेव्हा शेला उरला नव्हता आणि लग्नही उरले नव्हते. साथीच्या माणसाला शिवलेली सून पलीकडच्यांना नको झाली. होड्या जशा आल्या तशा परतल्या, आणि अल्वा नदीकाठच्या जोगिणींच्या मठात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. रोग्यांची सेवा करत तिथेच म्हातारी झाली, तिथेच मातीत गेली. मठाची आता एकच भिंत उभी होती, आणि तिच्यात एक उंच, अरुंद खिडकी, जिच्यातून पलीकडचे आभाळ उगाचच फार महत्त्वाचे वाटे.

झाड मात्र होते. तेच की त्याचे पणतवंड, कोण जाणे. त्याच्या फांद्याफांद्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या: रुमालांच्या कडा, बाळांची मोजी, शर्टांच्या पट्ट्या. नोराबाईंनीही पिशवीतून एक चिंधी काढली, झऱ्यात बुडवली आणि पाठ वळवून एका खालच्या फांदीला बांधली. मग त्या झाडाची रीत भरभर सांगू लागल्या. वारा इतका होता की सुश्रुतच्या कानांत कळा येत होत्या. आईने विचारले, “काय म्हणतात त्या?” तेव्हा तो म्हणाला, “काही नाही, नवसाच्या चिंध्या आहेत. आपल्याकडे बांधतात तशाच.”

खरे तर नोराबाईंनी बरेच काही सांगितले होते. दुखणाईताच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी बांधायची. ऊनपावसात ती विरत जाते, तसतसे दुखणे विरत जाते. म्हणून ती कुणी सोडायची नसते, आपोआप गळून पडेपर्यंत. हे सगळे सुश्रुतला ऐकू आले होते, समजलेही होते. त्याने ते भाषांतरात गाळले, कारण त्याला घरी जायचे होते. कमी बोलणाऱ्या माणसाला एक सवय जडते. दुसऱ्याचे बोलणेही तो आखडते घेतो.

मग आठवड्याभरात नव्या साथीपायी सगळे बंद झाले. परतीचे विमान रद्द झाले. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचे नाही, आणि सत्तरीपुढच्यांनी तर उंबराच ओलांडायचा नाही, असा हुकूम निघाला. नोराबाई दाराआड गेल्या. सुश्रुत जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसला, तो तिथेच राहिला. आणि आईला घरभर करायला काहीच उरले नाही.

वाईला ती घाटावरच्या देवळात रोज पहाटे जाई. पूजा पुजारी करी. ती निर्माल्य उतरवी. काल वाहिलेली, आज कोमेजलेली फुले देवाच्या अंगावरून काढून, दूर्वांच्या जुड्या सोडवून, गाभारा निर्मळ करायचा, हे तिचे आवडते काम. सुश्रुतचे वडील गेल्यावर तर तिचा दिवस त्यानेच सुरू होई. इथे ती खिडकीशी बसून शेजारच्या छपरावरचा कावळा पाही. आपण तिकीट पाठवले, तिने पिशव्या भरल्या. तिला यायचे होते का, हे आपण कधी विचारलेच नाही, असे सुश्रुतच्या मनात अधूनमधून येई. विचारावेसेही वाटे. तेवढ्यात एखादी मीटिंग सुरू होई.

एप्रिलच्या मध्यावर ती एका दुपारी एकटीच झऱ्याकडे फिरायला गेली आणि परतली ती दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन. गाल वाऱ्याने लाल झाले होते. इतकी टवटवीत ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

“हे काय गं, आई?”

“निर्माल्य! किती महिन्यांत कुणी उतरवलं नव्हतं, देव जाणे. काळं पडलेलं, बुरसलेलं. अल्वा पोर बिचारी गुदमरली होती रे त्या चिंध्यांखाली. आता जाऊन बघ. झाड कसं न्हाऊन उभं राहिल्यासारखं दिसतंय.”

“अगं, पण कुणाला विचारलंस?”

“विचारायला होतं कोण तिथे? दोन मेंढ्या होत्या.”

सुश्रुतने एका पिशवीत डोकावून पाहिले. खरे काय ते सांगायला हवे होते. पण आई पदर खोचून पिशव्या उपसत होती आणि गुणगुणत होती. ते गुणगुणणे त्याने वडील गेल्यापासून ऐकले नव्हते. शिवाय चिंधी सोडल्याने कुणाचे दुखणे उलटते यावर त्याचा तरी कुठे विश्वास होता? आणि विश्वास नव्हता, तर मग सांगायला कसली हरकत होती? 

“नदीत सोडणार होते,” आई म्हणाली, “पण म्हटलं, इथला एखादा पोलीस धरायचा. गुलाबाखाली पुरते. मातीत गेलं म्हणजे झालं.” तिने खरोखरच सगळे पुरले. फक्त एक तुकडा मागे ठेवला. लोकरीचा होता, चिखलाने माखलेला. “हे हातचं विणकाम आहे. कुणीतरी बसून विणलेलं असं मातीत घालवत नाहीत.” तिने तो कोमट पाण्यात धुतला आणि स्वयंपाकघरातल्या गरम रेडिएटरवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी तो निळा निघाला, ऐन उन्हाळ्यातल्या आभाळासारखा.

आठवड्यातून एकदा सुश्रुत नोराबाईंचे वाणसामान आणून त्यांच्या पायरीवर ठेवी आणि फाटकापाशी मागे सरून उभा राही. त्या दारात खुर्ची टाकून बसत. मेच्या पहिल्या शनिवारी त्यांनी पाव आणि दूध आत नेले, पण दार लावले नाही.

“अलका कशी आहे?” त्या आईला अलकाच म्हणत.

“ग्रँड,” सुश्रुत म्हणाला. इकडे ठीक आहे म्हणायला हेच म्हणत, आणि इथे आल्यापासून हा शब्द त्याचा मोठा आधार झाला होता.

“मंगळवारपासून आम्हा म्हाताऱ्यांना सोडणार आहेत म्हणे. पाच किलोमीटर. पहिली झऱ्यावर जाईन.” त्या थोडा वेळ थांबल्या. “सुश, माझी बहीण वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आहे, हे तुला ठाऊक आहे का?”

त्याला ठाऊक नव्हते. बहिणीचे नाव ब्रीदी. मठात गेल्यावर सिस्टर फिलोमिना. चौऱ्याऐंशी वर्षांची. मार्च लागताच तिच्या छातीत कफ साठला, आणि पाठोपाठ, बाकी सगळे बंद होण्याआधीच, नर्सिंग होमचे दार भेटणाऱ्यांना बंद झाले. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, असे नोराबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच मान हलवून पुढे म्हणाल्या, “खरं म्हणजे तिला सगळं ऐकू येतं. मलाच विचारायचा धीर होत नाही.”

“काय विचारायचं आहे?”

“मी दहा वर्षांची असताना मरणार होते. फुप्फुसाचं दुखणं. डॉक्टरांनी हात टेकले. आईनं काय केलं असेल? देवाला सांगितलं, ही वाचली तर दुसरी तुला देईन. मी वाचले. त्याच सप्टेंबरात ब्रीदी मठात गेली. अठरा वर्षांची होती. मला हे नवसाचं कळलं ते आईच्या मयताच्या दिवशी, मावशीच्या तोंडून. तेव्हापासून विचारीन म्हणते. दर नाताळला म्हणते. ती आपणहून गेली, की माझ्यापायी तिला देऊन टाकली?”

नवस हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, त्यांचा शब्द वेगळा होता. पण सुश्रुतच्या कानांनी तोच ऐकला.

“अल्वाचीही तशी एक कथा आहे बरं,” त्या म्हणाल्या. “आमचे जुने फादर सांगायचे. म्हणे राजाची धाकटी लेक साथीत सापडली होती, आणि ती जगावी म्हणून त्यानं थोरली देवाला वाहिली. शेला फाडल्याबिडल्याचं पुढं कुणीतरी जोडलं. मला नाही आवडत ती कथा. मी सांगत नाही कुणाला.” त्यांनी गुडघ्यांवरची शाल नीट केली. “घर सोडताना ब्रीदीनं तिचा निळा स्वेटर मला दिला होता. त्याचीच बाही कापून बांधली मी त्या दिवशी. दारं उघडेपर्यंत तिचा श्वास टिकू दे, एवढंच मागितलं. आता तू हसशील.”

सुश्रुत हसला नाही. रेडिएटरवरचा निळा तुकडा त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो काहीसे पुटपुटला आणि घरी आला.

आईने सगळे ऐकून घेतले. तिचा हात कणकेतच थांबला.

“दुसऱ्याचा नवस उतरवला की रे मी,” ती म्हणाली. “तुला माहीत होतं हे? झाडाची रीत माहीत होती?”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

 थंडी होती म्हणून, हे बोलण्याजोगे नव्हते.

“जा, आत्ता जाऊन सांगून ये. नाहीतर मी जाते.”

“तुला सांगता येईल का सगळं इंग्रजीत?”

“सॉरी म्हणता येतं मला.”

“थांब, आई. मी बघतो. मंगळवारच्या आत बघतो.”

त्याने जे पाहिले ते असे. मंगळवारी सकाळी, आई अंघोळीला गेलेली असताना, त्याने तो निळा तुकडा खिशात घातला आणि झपाझप झऱ्यावर गेला. काटेझाड पांढऱ्या फुलांनी लगडले होते. एकही चिंधी नव्हती, आणि कबूल करायला हवे, झाड सुंदर दिसत होते. त्याने तुकडा फांदीला बांधला. तो इतका स्वच्छ होता की शेतापलीकडूनही ओळखू आला असता. मग त्याने तो सोडला, वाकून काठचा चिखल घेतला आणि लोकरीत चोळू लागला. आपण हे कोणासाठी करतो आहोत? नोराबाईंना दुःख होऊ नये म्हणून, की आपल्याला बोलावे लागू नये म्हणून? दोन्ही कारणे त्याला सारखीच खरी वाटली, आणि म्हणून दोन्ही खोटी.

“तो माझा आहे,” मागून आवाज आला.

नोराबाई काठी टेकत उभ्या होत्या. त्यांनी सुश्रुतचे हात पाहिले, मग झाड पाहिले, वरपासून खालपर्यंत.

“बाकीचं सगळं कुठं गेलं?”

तेव्हा सुश्रुतला बोलावे लागले. एकदा सुरू झाल्यावर ते थांबेना. वाई, घाट, निर्माल्य, कालची फुले आज देवावर ठेवणे हा कसा अपमान, आपण भाषांतर कसे गाळले, गुलाबाचे रोप, रेडिएटर. नोराबाई ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मध्येच त्या एवढेच म्हणाल्या, “आमच्यात उलटं आहे. सुकू द्यायचं असतं.”

तेवढ्यात पायवाटेने आई आली. केस ओलेच होते, पायांत सुश्रुतचे बूट. तिने एका दृष्टीत सगळे ओळखले आणि नोराबाईंपासून बरीच अलीकडे थांबून दोन्ही हात जोडले.

“सॉरी, नोराबाई. आय डिड. नॉट ही. आय.”

“तिला सांग,” नोराबाई सुश्रुतला म्हणाल्या, “जो चिंधी सोडतो त्याला ते दुखणं लागतं, असं म्हणतात. मी म्हणत नाही. म्हणतात.”

या वेळी सुश्रुतने एकही शब्द गाळला नाही.

“लागू दे की,” आई म्हणाली. “म्हणावं, मी धडधाकट आहे. त्यांच्या बहिणीची छाती मोकळी होत असेल तर मला लागू दे.”

हे त्याने उलट इंग्रजीत सांगितले. नोराबाई रडणार असे वाटले, पण त्या एकाएकी हसत सुटल्या, इतक्या की काठी चिखलात रुतली. “बाकीच्यांचं काही बिघडलं नाही,” त्या म्हणाल्या. “गुलाबाखाली झाडापेक्षा लवकरच कुजेल सगळं. एकटी माझीच तेवढी धुऊन निघाली!” आणि मग तितक्याच एकाएकी फुलांकडे वळल्या.

“मी काय करत होते, सुश?” त्या म्हणाल्या. “या झाडाला वाट बघायला बसवलं होतं. म्हणजे मला जायला नको.” त्यांनी काठी उपटली. “ब्रीदीची खिडकी तळमजल्यावर आहे. लोक काचेपाशी उभे राहून बोलतात, असं ऐकलंय. तुझी गाडी चालू आहे का?”

गाडीच्या चारही काचा उघड्या टाकून, नोराबाई मागे तोंडाला स्कार्फ गुंडाळून आणि आई पुढे, असे ते तिघे गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले.  नर्सिंग होमच्या मागच्या हिरवळीवर खिडक्यांची रांग होती. नोराबाईंनी दारावरची घंटा वाजवून काय ते सांगितले. थोड्या वेळाने तिसऱ्या खिडकीचा पडदा सरला. आत, खुर्चीत, पांढऱ्या केसांची एक इवलीशी बाई बसली होती. मुखपट्टी लावलेल्या नर्सने तिच्या कानाशी फोन धरला. बाहेर नोराबाईंनी आपला फोन मोठ्या आवाजावर टाकला, कारण, त्या म्हणाल्या, त्यांच्या कानांचेही आता खरे नव्हते. सुश्रुत दूर जाऊ लागला, तर त्यांनी त्याची बाही धरल्यासारखा हात केला, लांबूनच. तो थांबला.

“जाड झालीस तू, नोरा,” फोनमधून आवाज आला. “तुला कोंडून काय खाऊ घालतात?”

“पाव. तू खोकतेस का अजून?”

“सकाळी थोडी. दुपारी टीव्हीवर चर्चचा मास लागतो, तेव्हा बंद. तो काळा पोरगा कोण?”

“शेजारी आहे. गप्प बस, ब्रीदी. मला काही विचारायचंय.”

“मग विचार.”

नोराबाईंनी विचारले. इतकी वर्षे पोटात राहिलेला प्रश्न बाहेर आला तेव्हा किती लहान होता! एका श्वासात संपला.  नर्सने फोन दुसऱ्या हातात घेतला. हिरवळीवर एक काळा पक्षी उतरून पुन्हा उडाला.

“मला कुणी विचारलंच नाही,” आवाज आला. “डॅडींनी गाडीत ट्रंक ठेवली. आई म्हणाली, बस. मी बसले. वाटेत मला वाटलं, बरं झालं, नाहीतरी मला जायचंच होतं. मग वाटलं, खरंच जायचं होतं का? की गाडीत बसले म्हणून तसं वाटतंय?” एक खोकला. “विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, नोरा. बहुतेक. पण विचारलं नाही, म्हणून मला आजवर कळलेलं नाही.”

“माझ्यामुळं?”

“तू तेव्हा अंथरुणात दूधभात खात होतीस. तुझा काय संबंध? आता जा. मला थंडी वाजते, आणि हिचा हात दुखतोय.”

पडदा अर्धा ओढला गेला. नोराबाई फोन बंद करून गाडीकडे आल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता की अधिक गोंधळला होता, हे सुश्रुतला सांगता आले नसते. त्याला स्वतःलाच धड काही कळत नव्हते. इतक्या वर्षांनी उत्तर मिळाले, आणि ते हो नव्हते, नाही नव्हते.

“काय म्हणाल्या रे त्या?” आईने विचारले.

त्याने सांगितले. सगळे, अगदी दूधभातासकट. आई गाडीच्या दाराला टेकून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, “मग आता विचारा म्हणावं.”

“विचारलं की. त्यासाठीच तर आलो.”

“अरे, तसं नाही. आपणहून गेलीस का, हे विचारलं त्यांनी. मठात जाशील का, हे कुणीच विचारलेलं नाही त्या बाईला. आज विचारा म्हणावं. अठरा वर्षांची समजून.”

सुश्रुतने ते नोराबाईंना सांगितले. जपून, शब्दाला शब्द लावून. त्यांनी आईकडे पाहिले. मग काठी गाडीलाच टेकवून ठेवली आणि हिरवळीवरून, अडखळत, पण घाईने, त्या खिडकीकडे परत निघाल्या.

फोन सुश्रुतच्या हातात देऊन गेल्या होत्या, त्यामुळे आतले काही ऐकू येणार नव्हते. त्यांनी काचेवर टकटक केले. पडदा सरला. नोराबाई काचेच्या अगदी जवळ वाकल्या, तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला आणि ओठ मोठे मोठे हलवीत, एखाद्या पोरीशी बोलावे तसे, काहीतरी विचारू लागल्या.